इंजिनाला पाणी पाजणारे भाऊजी

आमचे मोठे भाऊजी दातात स्क्रूड्रायव्हर धरून माझ्या कुकरला टेकवायचे.

मी वाढवून सांगत नाही. वीतभर लांबीचा, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. मूठ दातांत, टोक कुकरच्या झाकणावर, डोळे मिटलेले. आत डाळ शिजते आहे, मी कोपऱ्यात पदर पुढे ओढून उभी, हातात लाटणं, आणि माझे सख्खे मोठे दीर ओट्यावर वाकून कुकरला चावल्यासारखे उभे. मी काही विचारायची नाहीच. तेच एक बोट वर करून म्हणायचे, "थांब, त्याला विचारून बघतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंखा करकरला, "थांब, त्याला विचारतो." शिलाई मशीन अडलं, "विचारून बघतो." बदलापूरला कात्रपमध्ये एका गिरणीवाल्याची मोटर गरम व्हायची. तीन मिस्त्री येऊन गेले होते. भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरून मोटरला टेकवला, दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणाले, "मागचं बेअरिंग. आजच बदल, उद्या अडकेल." गिरणीवाल्याने ते उद्यावर टाकलं आणि उद्या अडकलं. तेव्हापासून कल्याणपासून बदलापूरपर्यंत त्यांचं नाव झालं. कानाचा मिस्त्री. लोक गाडी घेऊन यायचे आणि बॉनेट न उघडता विचारायचे, "वसंतराव, नुसतं ऐकून सांगा."

आता एवढ्या मोठ्या कानाच्या माणसाला घरातलं काय ऐकू यायचं ते मी सांगते. काही नाही.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, बदलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे पत्र्याची शेड, ते भाऊजींचं गॅरेज. मागे दोन खोल्या, त्यात आम्ही. हे शहाडच्या कारखान्यात पाळीला जायचे. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. आधी ते एका कारखान्यात घणाच्या प्रेसवर होते, ते सोडून त्यांनी गॅरेज टाकलं. जेवण आमच्याकडेच. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून दुपारी साडेबाराला शेडच्या दारात उभी राहून सांगायची, "भाऊजी, पान वाढलंय." ते वर बघायचे नाहीत. मी पुन्हा सांगायची. नाहीत. तिसऱ्यांदा सांगून मी आत यायची आणि ताटावर ताट झाकून बसायची. दीड वाजता ते हात पुसत यायचे, गार भात मुकाट्याने खायचे आणि जायचे.

पहिली काही वर्षं मी स्वतःला समजावलं, कामात असतात. मग माझी खात्री झाली की हा माझा अपमान आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. सासरचे सगळे दहावीच्या पुढे गेलेले. मोठ्या दिरासमोर तोंड वर करून बोलायचं नाही, पदर पुढे घेऊन, मान खाली घालून बोलायचं, हे मला आईने शिकवलेलं. मी ते पाळत होते. आणि ज्यांच्यासाठी पाळत होते ते मला भिंतीइतकीही किंमत देत नव्हते. भिंतीला निदान स्क्रूड्रायव्हर टेकवायचे.

यांना मी एकदा सांगितलं. यांचा आवाज मुळात कारखान्यातला, शेजारच्या गल्लीत जाईल असा. ते आतूनच ओरडले, "दादा, ही म्हणते तू जेवायला येत नाहीस." भाऊजी शेडमधून म्हणाले, "बरोबर आहे."

हे त्यांचं दुसरं वाक्य. कुणी काही म्हटलं की "बरोबर आहे." शेजारचे काका त्यांच्या भावाला देवाज्ञा झाल्याचं सांगायला आले, तर भाऊजी मान डोलवून म्हणाले, "बरोबर आहे." काका वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. मला शरमेने मेल्यासारखं झालं, आणि भाऊजी निवांत कार्बोरेटर धूत बसले होते.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग किशूशेठची गाडी आली.

किशूशेठ उल्हासनगरचे सिंधी व्यापारी, कूलरचे कारखानदार. माणूस हौशी. मुंबईच्या गोदीतून लिलावात त्यांनी एक जपानी इंजिन उचललं होतं, त्यावर टर्बो. ते त्यांनी आपल्या जुन्या मोटारीत बसवून घेतलं. टर्बो म्हणजे काय हे मला भाऊजींनीच सांगितलं, जमिनीकडे बघत, मी भांडी घासत असताना. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. पण आपलं पेट्रोल हलकं. एवढ्या दाबाने इंजिन तापतं आणि आत पेट्रोल वेळेआधीच भडकतं. त्याला ठोकणं म्हणतात. फार ठोकलं की पिस्टनला भोक पडतं.

"मग?" मी चुकून विचारलं. अर्थात त्यांनी ऐकलं नाही.

शेठला मात्र त्यांनी उपाय सांगितला. इंजिनात पाणी मारायचं. दाबलेल्या हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडायचा, की आतली आग गार पडते आणि ठोकणं थांबतं.

किशूशेठ हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "साईं, सारी दुनिया इंजिन को पानी से बचाती है, और आप पानी पिलाओगे? इंजिन मर गया तो?"

भाऊजी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "महिना द्या. बारवी धरणाच्या रस्त्याचा चढ तुम्ही स्वतः चालवत चढा. ठोकली तर गॅरेजला कुलूप लावतो."

आम्हाला न विचारता. घर त्या गॅरेजवर अर्धं चालत होतं. हे ऐकून यांनीही कपाळाला हात लावला. पण भाऊ बोलला म्हणजे बोलला.

आणि मग माझ्या घरावर धाड पडायला लागली.

आधी स्टोव्ह गेला. फवारा बारीक हवा, आणि सगळ्यांत बारीक भोक कशाला असतं, तर रॉकेलच्या स्टोव्हच्या निपलला. मी सकाळी चहा टाकायला गेले तर स्टोव्हचं डोकं उडालेलं. निपल शेठच्या गाडीत. सोबत माझी स्टोव्हची पिनही नेली, भोक साफ करायला. त्या दिवशी माझी नणंद माहेरपणाला आली होती. नवं निपल येईपर्यंत तिला मी शेजारणीकडून चहा मागून आणून दिला. ती काय बोलली ते सांगत नाही.

मग गरम पाण्याची रबरी पिशवी. बाळंतपणापासून माझी कंबर दुखायची, ती शेकायला माझ्या आईने दिलेली. एक दिवस बघते तर तिला पुरीएवढं गोल भोक. भाऊजींना पंप आपोआप चालू व्हायला बटण करायचं होतं. एका डबीत रबराचा पडदा, एका बाजूला टर्बोची हवा. हवेचा दाब वाढला की पडदा फुगतो, त्यावरची पितळी पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकते, वीज जोडली जाते आणि पंप पाणी मारतो. दाब उतरला की पडदा बसतो आणि पंप बंद. मागे एक स्क्रू. स्क्रू आवळला तर पंप उशिरा लागणार, ढिला केला तर लवकर.

"लवकर लागला तर इंजिन पाण्याने गुदमरून बंद पडतं. उशिरा लागला तर भोक पडतं," ते मला समजावत होते, माझ्या पिशवीचं भोक पडलेलं रबर हातात धरून. "सगळी गंमत ह्या स्क्रूत आहे."

मला कसलीच गंमत दिसत नव्हती.

मग पाण्यावर आले. आमच्याकडे नळ पहाटे तासभर यायचा. मी दोन पिंपं, चार हंडे, सगळं भरून ठेवायची. पण भाऊजींना ते पाणी चालेना. त्यात क्षार, निपल बुजतं. वाफेचं पाणी हवं. म्हणजे काय, तर माझ्या कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी लावायची, नळी बादलीतल्या गार पाण्यातून फिरवून कॅनमध्ये सोडायची. कुकरची वाफ थेंब थेंब पडणार. पाच लिटरचा कॅन भरायला तीन दिवस. तीन दिवस मी भात पातेल्यात करायची आणि रॉकेलच्या रांगेत उभी राहायची. माझी मुलगी छाया तेव्हा पहिलीत होती. तिने बाईंना सांगितलं की आमच्याकडे गाडी कुकरमधलं पाणी पिते. बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलीला खोटं बोलू देऊ नका.

एक दिवस मी पाहुण्यांसाठी कुकरला वरण लावलं आणि मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले. भाऊजींनी त्यात काय आहे हे न बघता शिट्टी काढून नळी जोडली. वरण उतू आलं ते नळीतून थेट कॅनमध्ये. त्यांनी ते तसंच गाडीत ओतलं. संध्याकाळी निपल बुजलं. आत पिवळी धमक हळद आणि डाळीचं साल. भाऊजी ते निपल तळहातावर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सुमन, पाण्यात हळद घालत जाऊ नकोस."

मला इतका संताप आला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "वरण होतं ते. पाहुण्यांचं." पदराआडून, मान खाली घालून, पण म्हटलं.

"बरोबर आहे," म्हणाले आणि गेले.

शेवटी दारावरची घंटा गेली. तिचं पांढरं बटण भाऊजींनी उपटलं, त्याला लांब वायर जोडली, आणि रविवारी सकाळी ते बटण माझ्यापुढे धरलं. स्क्रू कुठे बसवायचा हे ठरवायचं होतं. त्यासाठी गाडी चढावर घ्यायची, ज्या क्षणी ठोकायला लागेल त्या क्षणी कुणीतरी बटण दाबायचं. बटण दाबलं की पंप लागेल, समोर एक छोटा लाल बल्ब पेटेल. बल्ब पेटला की भाऊजी दाबाचा काटा कुठे आहे ते बघणार आणि स्क्रू त्याच्या थोडा अलीकडे बसवणार.

"कुणीतरी म्हणजे तू," ते म्हणाले. "तू शिट्टी होण्याच्या आधी उठतेस. मी बघितलंय. तुझे कान चांगले आहेत."

मी यांच्याकडे बघितलं. मोठ्या दिरासोबत गाडीत पुढे बसायचं, दिवसाढवळ्या, अख्ख्या अंबरनाथमधून.

"जा की गं, त्यात काय," हे म्हणाले. "मला पाळी आहे."

मग भाऊजींनी वर मीठ चोळलं. "तुला नेतो कारण तू कुणाशी बोलत नाहीस."

म्हणजे मी मुकी आहे म्हणून बरी. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि जाऊन बसले. बाजारातून जाताना भाजीवाली उठून उभी राहून बघत होती.

बदलापूर सोडलं आणि बारवीच्या रस्त्याला लागलो. भाऊजींनी ठोकणं कसं असतं ते सांगितलं होतं, पत्र्याच्या डब्यात कोरडे वाटाणे हलवल्यासारखं. चढ आला. त्यांनी पाय दाबला. गाडी अशी उसळली की माझी पाठ मागे आदळली. आणि ऐकू आलं. आधी वाटाणे नव्हतेच. आधी एक अगदी बारीक किणकिण, काचेच्या बांगड्या एकमेकींना लागाव्या तशी. वाटाणे त्याच्या नंतर. मी किणकिण ऐकली तेव्हाच बटण दाबलं. लाल बल्ब पेटला आणि आवाज असा मावळला जसा दुधावर पाणी शिंपडल्यावर उतू जाणारा फेस बसतो. भाऊजींनी काटा बघितला, पेन्सिलने हातावर आकडा लिहिला.

खोटं का बोलू, मला मजा वाटली.

तीनदा केलं. चौथ्यांदा चढ आला, पाय दाबला गेला, किणकिण आली, मी बटण दाबलं. बल्ब पेटला नाही. पुन्हा दाबलं. वायर तुटली होती, बटण माझ्या हातात सुटं आलं. किणकिणीचे वाटाणे झाले.

"भाऊजी, आता," मी म्हटलं.

ते समोर बघत होते. पाय दाबलेला.

"आता. भाऊजी, आता."

वाटाण्यांचे खडे झाले. आत कुणीतरी हातोडीने मारतं आहे असा आवाज. शेठचं इंजिन, आमचं गॅरेज, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, तेव्हा ओरडले. "ठोकतंय ना, ऐकू येत नाही का?"

ते समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. बल्ब पेटायची शांतपणे वाट बघत होते.

मी त्यांच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. मोठ्या दिराला हात लावला. त्यांनी दचकून पाय काढला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. आधी त्यांनी माझ्या हातातलं तुटकं बटण बघितलं, मग बॉनेटवर हात ठेवून आले, आणि येऊन बसले.

"किती वेळ ठोकत होतं?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घालून सांगितलं.

"तसं नाही," ते म्हणाले. "पदर काढ आणि माझ्याकडे बघून बोल. ओठ दिसू देत."

तेव्हा मला कळलं. मी पदर मागे घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्या दिराच्या तोंडाकडे सरळ बघितलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, मला माहीतच नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"प्रेसवर होतो तेव्हापासून थोडं थोडं जात होतं. आता डाव्या कानाने मोठे आवाज येतात, तुझ्या नवऱ्याचा येतो, छाया ओरडते तो येतो. बारीक काही येत नाही. दातांतून येतं." त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर दाखवला, मुठीवर दातांच्या खुणा. "पण चालत्या गाडीत दातात काय धरू? म्हणून काटा, म्हणून बल्ब."

"यांना सांगायचं होतं."

"त्याचा आवाज एवढा, एकदा रागात बोलला की शहाडपर्यंत कळेल. कानाचा मिस्त्री बहिरा आहे म्हटल्यावर गाडी कोण देईल?" मग ते काचेतून बाहेर बघत म्हणाले, "तू नाही सांगणार. तुला मी आवडत नाही, तरी नाही सांगणार."

"मला?" मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांना कळलं नाही. ते आपले बोलतच राहिले. "राग नाही माझा. दुसऱ्याच्या संसारात आयतं जेवणारा मोठा दीर कुणाला हवा असतो. तू आलीस तेव्हापासून एकदाही मला जेवायला हाक मारली नाहीस, त्यावरून मी समजलो. भूक मारायची, तुमचं सगळ्यांचं आटपलं असेल अशा बेताने यायचं. गार तर गार."

सगळी वर्षं दारात उभी राहून मी मान खाली घालून, पदराआडून, ज्या माणसाला हाका मारत होते त्याला माझे ओठसुद्धा दिसत नव्हते. मी माझ्या आईने शिकवलेलं पाळत होते. आता राग कुणाचा करायचा ते मला कळेना, म्हणून मी त्यांचाच केला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. बोलूनही काय, ते गाडी चालवत होते.

स्क्रू त्या तीन आकड्यांवरून बसवला. पुढच्या रविवारी शेठ यायचे होते. शेठच चालवणार, भाऊजी शेजारी. शेठ विचारणारच, ठोकते का ते ऐका म्हणून. शनिवारी मी छायाच्या पाटीवर लिहून भाऊजींना दाखवलं, "मी मागे बसेन. ठोकलं तर तुमच्या पाठीला एक टिचकी. दुसरं काही बिघडलं तर दोन." त्यांनी वाचलं, ओल्या हाताने पाटी पुसली आणि म्हणाले, "इंजिन ठोकताना वर माझ्या पाठीतही ठोक हवी का." म्हणजे कबूल.

फक्त एक झालं. त्याच दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा कुकर मागितला होता आणि मी दिला नव्हता. मला भात लावायचा होता. कॅन अर्धाच भरला.

रविवारी शेठ पांढऱ्या कपड्यांत आले. मला मागे बसलेली बघून म्हणाले, "भाभीजी भी?"

"कात्रपला सोडायचंय, पाहुण्यांकडे," भाऊजी म्हणाले. मी पदर ओढून घेतला.

कात्रप गेलं तरी मला कुणी सोडलं नाही आणि शेठच्याही ते लक्षात आलं नाही. चढ लागला. शेठनी पाय दाबला. पुढे लाल बल्ब पेटला, पंप गुणगुणायला लागला आणि गाडी वाऱ्यासारखी चढायला लागली. मी भाऊजींच्या सीटच्या मागे बोटाची गाठ टेकवून कान लावून बसले होते. किणकिण नाही. वाटाणे नाहीत. नुसती पंपाची गुणगुण.

"सुनो, सुनो वसंतभाऊ," शेठ ओरडले. "कुछ ठोकता है?"

मी टिचकी मारली नाही.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "लोण्यासारखं आहे."

दुसरा चढ. तिसरा. शेठना चेव चढला होता. आणि मग पंपाचा आवाज बदलला. फारसा नाही. माझ्या स्टोव्हचं रॉकेल संपत येतं तेव्हा त्याची घरघर पोकळ होते, तसा. कॅन रिकामा होत होता. बल्ब तसाच पेटलेला, काटा वर, शेठचा पाय पूर्ण दाबलेला. मी दोन टिचक्या मारल्या, जोरात. भाऊजींनी एक क्षण डोळे मिटले, मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून घाईने दातांत धरला आणि टोक डॅशबोर्डला टेकवलं.

"शेठ, पाय काढा," ते म्हणाले. "पाणी संपलं."

शेठनी पाय काढला. गाडी थांबवून बॉनेट उघडलं. कॅन कोरडा. तळाला घोटभर.

"चलती गाड़ी में, दाँत से," शेठ म्हणाले, आणि त्यांनी रस्त्यात उभं राहून भाऊजींचे दोन्ही कान धरले. "क्या कान है साईं. पूरे उल्हासनगर में ऐसा कान नहीं है."

भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे."

मी मागे बसून ऐकत होते. कान माझे, कुकर माझा, निपल माझं, पिशवी माझ्या आईची. शाबासकी भाऊजींना. शेठनी पेढ्यांचा बॉक्स आणला तोही त्यांच्याच हातात दिला. गॅरेजला कुलूप लागलं नाही, उलट शेठनी आपल्या ओळखीच्या चार गाड्या पाठवल्या. रस्त्याने जाणारा येणारा सांगायचा, ह्यांना चालत्या इंजिनात पाणी संपलेलं ऐकू येतं. मी आत स्टोव्हला पिन मारत ते ऐकायची.

त्या दिवसापासून दुपारी मी तांदूळ निवडायला शेडच्या उंबऱ्यावर बसायला लागले. गिऱ्हाईक गाडी चालू करून उभं राहायचं. भाऊजी टेबलाच्या लोखंडी कडेला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटायचे. इंजिनाचा आवाज कसला आहे त्याप्रमाणे मी सुपाने टेबलाच्या पायाला एकदा, दोनदा, तीनदा हलकं टेकायची. लोक म्हणायचे, वहिनींना बाहेर उजेडात बसायला आवडतं.

घंटेचं बटण मात्र परत दाराला लागलं नाही. मी यांच्यामार्फत दोनदा विचारलं. "बरोबर आहे" असं उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी मी नळाचं पाणी भरून आत आले तर ओट्याच्या वर, कुकरच्या शेजारी, ते पांढरं बटण बसवलेलं. वायर खिळ्यांवरून भिंतीने जात दाराच्या चौकटीतून शेडमध्ये गेलेली.

"हे काय?" यांनी विचारलं.

"वायर उरली होती," भाऊजी म्हणाले.

साडेबाराला मी पान वाढलं. भात वाफाळत होता. शेडच्या दारात गेले नाही. ओट्यापाशी उभी राहून बटण दाबलं. दारातून दिसलं, भाऊजींच्या टेबलाच्या वर, भिंतीला लावलेला लाल बल्ब पेटला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. बल्बकडे बघत राहिले. मी बटण दाबून धरलेलंच होतं, सोडायचं मला सुचलं नाही.

ते हात पुसत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, पहिल्यांदाच येत असल्यासारखे.

"हाक मारलीस?" त्यांनी विचारलं.

मी पदर मागे केला, त्यांच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि ओठ नीट हलवून सांगितलं, "केव्हाची मारतेय, भाऊजी."